ब्रेक लागतो म्हणून नळी शाबूत आहे, असं नव्हे

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतली जुन्या मोटारींवरची लेखमाला मी पहिल्या भागापासून वाचते आहे, कात्रणंही काढून ठेवली आहेत. रंगकाम, क्रोम, छताचं कापड, दारांच्या मुठी यांवर लेखक फार जिव्हाळ्याने लिहितात. म्हणूनच गेल्या भागातलं एक वाक्य मला खटकलं. ब्रेक व्यवस्थित लागत असतील तर ब्रेकचं ऑइल चाकांपर्यंत नेणाऱ्या मूळ नळ्यांना हात लावू नये, जुनं आहे ते जपावं, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. ते वाचून उद्या कुणीतरी आजोबांची गाडी रस्त्यावर काढेल आणि ब्रेक लागतोय ना, मग झालं, असं समजेल. त्याने तसं समजू नये म्हणून हे पत्र.

मी शाळेत ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. आमच्याकडे मॉरिस मायनर १००० ही जुनी ब्रिटिश गाडी आहे, वडिलांची. ते गेल्यावर भावाने ती माझ्या हवाली केली, कारण चालवायची हौस दोघांत मलाच होती. गाडीचा रंग आम्ही दोनदा काढला, बैठका नव्याने शिवल्या, समोरची जाळी इतकी घासली की तीत तोंड दिसावं. ब्रेकचे शू बदलले, ड्रम साफ केले. नळ्यांकडे मात्र कधी बघितलं नाही. त्या गाडीच्या पोटाखाली असतात आणि वरून काळा डांबरी थर मारलेला होता, त्यामुळे सगळं ठीकठाक दिसत होतं.

ज्या दिवशी नळी फुटली त्या दिवशी सकाळपासून ब्रेकने काहीच इशारा दिला नव्हता. तीन सिग्नलना थांबले, एका अरुंद पुलाआधी थांबले. पेडल नेहमीसारखं घट्ट होतं. मग उतारावर, वळणाच्या तोंडाशी, एक मुलगा सायकल घेऊन आडवा आला. मी होता नव्हता तेवढा जोर लावून पाय दाबला. गाडी क्षणभर धरली गेली, नाक खाली झुकलं, आणि मग पेडल चिखलात पाय रुतावा तसं खाली जात जात तळाला टेकलं. दुसऱ्यांदा दाबलं, पुन्हा तळ. मी हँडब्रेक ओढला, गिअर खाली आणला आणि गाडी कडेच्या मातीत घातली. तिथे ती थांबली. मुलगा मागे न बघताच निघून गेला होता. माझे पाय लटपटत होते. खाली उतरून पाहिलं तर मागच्या डाव्या चाकाची आतली बाजू ओली होती आणि गाडीमागे रस्त्यावर एक बारीक ओली रेघ उमटली होती.

ब्रेक नीट लागत होते, संपादक महोदय. ती नळी फुटण्याच्या दहा मिनिटं आधीपर्यंत अगदी नीट लागत होते.

त्या रात्री झोप येईना, तेव्हा मी वही काढून आकडे मांडले. सिग्नलला हळूच थांबताना पायाचा भार फार तर ८ ते १० किलो पडत असेल. पेडल ही तरफ आहे. तिच्यामुळे तो भार मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे ब्रेकचं ऑइल नळ्यांत ढकलणाऱ्या पंपाच्या, पिस्टनवर पाचपट होऊन पोचतो असं धरू. पिस्टनचा व्यास साधारण २२ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटरांहून थोडं कमी. भागाकार केला की नळीतला दाब येतो दर चौरस सेंटिमीटरला १० ते १३ किलो. आता घाबरून जीव खाऊन पाय दाबला आणि भार ४० किलो झाला, तर तोच दाब ५० च्या वर जातो. मोटारीच्या टायरमध्ये तो दोनेक असतो, एवढं सांगितलं की अंदाज यावा. आणि हे सगळं सोसणारी नळी बाहेरून ४.७५ मिलिमीटर जाड, तिच्या भिंतीची जाडी ०.७ मिलिमीटर. ती अर्धीअधिक गंजून गेली असेल तरी १० किलोचा दाब सोसत राहते. रोज सोसते, महिनोन् महिने सोसते. ५० चा दाब ज्या दिवशी पहिल्यांदा येतो त्या दिवशी ती फुटते, आणि तो दाब आपण आणतो तेव्हा समोर कुणीतरी असतं. रोजच्या वापरात ब्रेक लागतो ही नळीची परीक्षाच नव्हे. लेखकमहाशयांचं वाक्य चुकतं ते इथे.

पास्कलचा नियम मी वर्गात दोन सिरिंज आणि त्यांना जोडणारी प्लास्टिकची नळी घेऊन शिकवत असे. एक दट्ट्या दाबला की दुसरा वर येतो, मुलं टाळ्या वाजवत. बंदिस्त द्रवातला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पाठ करून घेत असे. त्याच नियमाची दुसरी बाजू मी त्या उतारावर शिकले: कुठेही एक भोक पडलं की द्रव बंदिस्तच राहत नाही, मग दाब कुठेच पोचत नाही. मायनरसारख्या गाडीत मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत नळ्यांचं एकच जोडलेलं मंडल असतं. मागच्या चाकाची नळी फुटली तर पुढचे दोन ब्रेकही जातात. अमेरिकेने १९६८ पासून नव्या मोटारींना दोन वेगवेगळी मंडलं सक्तीची केली ती याच कारणाने, म्हणजे एक गेलं तरी दुसरं हाती राहावं. १९४८ ते १९७१ या काळात बनलेल्या मायनरमधली माझी गाडी एकाच मंडलाची आहे. तिच्यात ब्रेक ऑइल कमी झाल्याचा दिवा नाही. मास्टर सिलिंडर बॉनेटखाली नसून ड्रायव्हरच्या पायाखाली, गाडीच्या तळपत्र्याच्या आत आहे. ऑइलची पातळी बघायची तर गालिचा उचलून झाकणी काढावी लागते. हे दर आठवड्याला कोण करतं?

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून एका गॅरेजमध्ये नेली. तिथला कारागीर सज्जन होता. म्हणाला, "बाई, एवढाच तुकडा कापतो, मधे जॉइंट टाकतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा." पाण्याच्या नळाला आत पितळी रिंग दाबून जो जॉइंट बसवतात, तसला जॉइंट तो टाकणार होता. मी नको म्हटलं. ब्रेकच्या नळीवर असला जॉइंट चालत नाही. तिथला दाब आणि चाकाची सततची थरथर त्याच्यासाठी नाही, एक दिवस नळी त्यातून सरकून बाहेर येते. आणि समजा तो टिकला, तरी बाकीच्या नळ्यांचं काय? त्या सगळ्या एकाच वयाच्या, एकाच पावसात भिजलेल्या. फुटलेली नळी ही सगळ्यांत आधी फुटलेली असते, एवढंच.

मग मी भाच्याला बोलावलं. तो यंत्रशाळेत शिकतो आणि त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवली, कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. नळ्या उघड्या केल्यावर जे दिसलं ते मी अजून विसरलेले नाही. या नळ्या पोलादी पत्र्याला दोन वेढे देऊन तांब्याने झाळून केलेल्या असतात. उघड्यावर असलेला भाग बऱ्यापैकी होता. पण जिथे जिथे पट्टीने नळी आवळलेली होती, तिथे तिथे पट्टीखाली चिखल साचून तो वर्षानुवर्षं ओला राहिला होता. मागच्या ॲक्सलवरची पट्टी काढली तर तिच्याबरोबर नळीचे पापुद्रे निघून आले. फुटली होती ती तिथेच. काळ्या डांबरी थराने हे सारं झाकून ठेवलं होतं. ओलावाही त्याच थराने आत कोंडला होता.

आतून होणारा गंज वेगळा. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते मुळात तेलच नाही. खरं खनिज तेल त्यात पडलं तर रबरी सील फुगून निकामी होतात. नेहमीचं, डॉट ३ किंवा डॉट ४ या प्रतीचं ऑइल ग्लायकॉल या रसायनाचं असतं आणि ते हवेतला ओलावा शोषतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंशांवरून १४० अंशांवर येतो, डॉट ४ चा २३० वरून १५५ वर. लांब उतारावर ड्रम तापले की त्यातलं पाणी उकळून वाफ होते, आणि वाफ दाबली जाते पण दाब पुढे देत नाही. तेच पाणी नळीला आतून खातं. उभी असलेली गाडी यातून सुटत नाही, हे गाडी जपून ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. ती चालवली नाही तरी ऑइल दर दोन वर्षांनी बदललं पाहिजे.

नळ्या सोडवायला आम्हाला तीन दिवस लागले. सांध्यांवर गंज सोडवणारं तेल मारून दोन रात्री तसंच ठेवलं. साध्या पान्याने नटाचे कोपरे झिजतात, म्हणून तो वापरलाच नाही. ब्रेकच्या नटासाठी वेगळा पाना मिळतो, जो नटाला जवळजवळ सगळीकडून धरतो आणि नळी आत यावी एवढीच फट ठेवतो. तरीही दोन नट नळीला असे धरून बसले होते की पाना फिरला तर नळीच पिळली जायची. तिथे भाच्याने नळी नटाच्या अगदी जवळ कापली आणि उरलेल्या नटावर सहा कोनांचा सॉकेट बसवून तो काढला. नळ्या बदलायच्याच असल्यामुळे ते जमलं. जुन्या नळ्या मात्र आम्ही शक्य तितक्या अखंड काढल्या आणि जमिनीवर ओळीने मांडल्या, प्रत्येकीला चिठ्ठी लावून. नवीन नळीला वळण द्यायला याहून चांगला नमुना मिळत नाही.

नळी कशाची घ्यावी यावर खूप बोललं जातं. शुद्ध तांबं वाकवायला मऊ असतं म्हणून पुष्कळांना आवडतं. मला ते पटत नाही. थरथरीने तांबं कडक होत जातं आणि मग तडकतं. स्टेनलेस स्टील गंजाला दाद देत नाही, पण इतकं कठीण की टोक नीट फुलत नाही आणि सांधा पाझरत राहतो. मूळच्यासारखी लेप दिलेली पोलादी नळी अगदी योग्य आहे. आम्ही तांबं-निकेलची घेतली: साधारण ९० टक्के तांबं, १० टक्के निकेल आणि किंचित लोखंड. ती हाताने वळते, गंजत नाही आणि पुरेशी बळकट असते. व्होल्वोने १९७६ पासून आपल्या मोटारींना हीच नळी बसवायला सुरुवात केली, तेव्हा हा काही हौशी लोकांचा प्रयोग नव्हे.

सगळ्यांत कष्टाचं काम टोक फुलवण्याचं, म्हणजे फ्लेअरचं. नळी हॅक्सॉने कापायची नाही, चाकाच्या कटरने कापायची. आतली बाहेरची कोर साफ करायची. नट आधी ओवून घ्यायचा, आणि त्याचं तोंड बरोबर दिशेला आहे ना ते दोनदा बघायचं. मग हत्यारात धरून टोक दाबायचं. एकदाच फुलवलेल्या पातळ टोकाला चीर पडू शकते, म्हणून ज्या सांध्याला डबल फ्लेअर हवा तिथे टोक आत दुमडून दुहेरी करतात. दुसरी तऱ्हा बाहेर बुडबुड्यासारखी फुगवलेली. माझ्या गाडीत दोन्ही निघाल्या, आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही. घट्ट आवळली तरी पाझरते. आम्ही टाकाऊ तुकड्यांवर आधी सराव केला. एक संध्याकाळ पूर्ण त्यातच गेली आणि ती सत्कारणी लागली असं मी म्हणेन.

आट्यांचं एक सांगून ठेवते, कारण यातला घोटाळा जीवघेणा आहे. जुन्या ब्रिटिश गाडीचे नट ३/८ इंचाचे असतात, इंचाला २४ आटे. नवीन गाड्यांत बहुधा १० मिलिमीटरचे, १ मिलिमीटर अंतराचे आटे. हातात घेतले तर दोन्ही सारखेच दिसतात. ३/८ चा नट १० मिलिमीटरच्या भोकात शिरतो, दोन वेढे धरतोही, आणि बसला असं वाटतं. जोराच्या दाबाने तो बाहेर फेकला जाऊ शकतो. प्रत्येक नट आधी हाताने, पान्याशिवाय, आत जातो की नाही ते बघावं. हाताने नीट जाईना किंवा सैल हलला, तर थांबावं.

तिन्ही रबरी होज, म्हणजे चाकांकडच्या लवचीक नळ्याही बदलल्या. त्या बाहेरून धडधाकट दिसल्या तरी आतून फुगून बंद होतात. मग पाय जोराने ऑइल ढकलतो, पण ते परत येत नाही आणि चाक धरून राहतं. नवीन नळ्या सायलेन्सरच्या पाइपपासून लांब नेल्या, दर वीतभर अंतरावर पट्ट्या लावल्या, पत्र्यातून जाते तिथे रबरी कडी घातली. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून होज टायरला घासत नाही ना, ते पाहिलं.

नव्या नळ्यांत शिरलेली हवा काढायला मी गाडीखाली आणि भाचा पेडलवर. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. चाकामागे हवा सोडण्यासाठी जो निपल असतो त्याला पारदर्शक नळी, तिचं टोक काचेच्या बरणीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं.
"दाब."
"दाबलं, आत्या."
"धरून ठेव." निपल उघडायचा, बुडबुडे बघायचे, बंद करायचा. "सोड."
हे शंभरेक वेळा झालं असेल. पेडल पूर्ण तळाला जाऊ नये म्हणून त्याच्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवला होता. जुन्या मास्टर सिलिंडरचं सील एरवी जिथवर जात नाही तिथे गंजाचा खडबडीतपणा असतो, आणि पेडल तळाला दाबलं की सील त्यावर घासून फाटतं. मधूनमधून गालिच्याखालच्या झाकणातून ऑइल भरत राहायचं. ते संपलं की हवा पुन्हा आत. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवायचा, नाहीतर रंग सोलून निघतो.

शेवटी खरी परीक्षा. भाच्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून अंगातला सगळा जोर पेडलवर लावला आणि पूर्ण मिनिटभर तसाच धरला. मी टॉर्च आणि कोरडे पांढरे कागद घेऊन एकेका सांध्यापाशी गेले. पुढच्या उजव्या चाकाजवळचा कागद ओला झाला. जास्त आवळून भागवण्याचा मोह झाला होता. आम्ही तो फ्लेअर कापून नवीन केला. पुन्हा मिनिटभर. कागद कोरडे. थोडी गाडी चालवल्यावर चार दिवसांनी हीच परीक्षा परत घेतली.

मूळपण जपण्याचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. वडिलांच्या हातचा एक स्क्रूसुद्धा टाकताना मला जड जातं. परंतु ब्रेकची नळी ही टायरसारखीच झिजून संपणारी वस्तू आहे, आणि कुणी आपल्या गाडीला साठ वर्षांपूर्वीचे टायर ठेवून ती रस्त्यावर आणत नाही. ज्यांना प्रदर्शनात गुण हवे आहेत त्यांनी पोलादी नळी मूळच्या वळणांनी बसवावी. खाली वाकून बघणाऱ्यालाही फरक कळणार नाही. आणि गंज ही फक्त म्हाताऱ्या गाड्यांची गोष्ट नाही. रस्त्यावर मीठ टाकतात अशा थंड प्रदेशांतल्या वाहनमालकांनी गाडीचं पोट धुवावं आणि ब्रेकच्या नळ्या तपासून घ्याव्यात, असं अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने, एनएचटीएसएने, एप्रिल २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितलं. तो इशारा २००७ आणि त्याआधीच्या मॉडेलांसाठी होता. आपल्या लेखमालेतल्या गाड्या त्यांच्या आजोबांच्या वयाच्या आहेत.

माझी मागणी दोन गोष्टींची आहे. ते वाक्य पुढच्या भागात दुरुस्त करावं, आणि पट्ट्या सोडवून त्यांच्याखालची नळी टॉर्चने बघायला वाचकांना सांगावं. दुसरी अशी की, मागच्या ॲक्सलवरून निघालेला तो तुकडा मी जपून ठेवला आहे. भाच्याने तो उभा चिरून दिला आहे, त्यामुळे आतला आणि बाहेरचा गंज एकमेकांना भेटलेला स्पष्ट दिसतो. आपण म्हणाल त्या दिवशी मी तो कार्यालयात आणून देते. गेल्या रविवारी पहिल्या पानावर क्रोमच्या जाळीचं जेवढं मोठं छायाचित्र छापलं होतं, तेवढंच मोठं याचंही छापावं.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका